झकासरावांचा उजवा हात

आमच्या ह्यांना कुणीही, कधीही "कसं काय?" विचारलं, की उत्तर ठरलेलं असायचं. "एकदम झकास!" अंगात ताप असो, सलूनचं छत गळत असो, झकास ते झकास. माझी आई गेली त्या दिवशी दारात भेटायला आलेल्या माणसालाही हे सवयीने तेच म्हणून बसले आणि मग जीभ चावून आत पळाले. गल्लीने नावच पाडलं, झकासराव. दुकानाच्या पाटीवर वेगळं नाव होतं, पण ते वाचायची तसदी कधी कुणी घेतली नाही.

ही त्यांच्या धंद्याची रीत. ज्यांच्या हाताखाली हे केस कापायला शिकले, त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे, की खुर्चीत बसलेल्या माणसाला आपलं रडगाणं ऐकवायचं नाही. गिऱ्हाईक डोकं हलकं करायला येतं, निम्मं वरून आणि निम्मं आतून. त्याने त्याचं सांगावं, आपण "हं" म्हणावं आणि कात्री चालवावी. ह्यांनी ही शिकवण इतकी अंगी बाणवली, की घरी आल्यावर मीसुद्धा गिऱ्हाईकच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचं डोकं दुखतंय हे मला ह्यांच्या तोंडून कधी कळलेलं नाही. कपाळावरची शीर बघून ओळखायचं. मी वैतागून म्हणायचे, "तुम्ही मराल ना, तेव्हाही एकदा डोळे उघडून झकास म्हणाल आणि मगच जाल."

मी तशी नाही. मला दुखलं की मी बोलते. धुलाईच्या कारखान्यात काम करते मी, हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात तिथे. वाफेच्या मोठ्या इस्त्रीच्या तोंडाशी दोघींनी दोन टोकं धरून चादर सोडायची, की पलीकडून ती कडक होऊन बाहेर पडते. दिवसभर उभं राहायचं आणि वाफ खायची. घरी आले की पाय खुर्चीवर टाकते आणि जगातल्या समस्त चादरींचा उद्धार करते. हे हसतात. "बोलून घे," म्हणतात, "मी आहे ना ऐकायला."

विमा घ्यायला ह्यांना मीच लावलं. मरणाचा विमा नव्हे, तो सगळेच घेतात. दुसरा. माणूस जगला पण कामाला निकामी झाला, तर कमाईच्या जागी दर महिन्याला ठरलेली रक्कम देणारा. हे तेव्हा हसले होते. "मला काय धाड भरलीय? केस कापतो मी, डोंगर फोडत नाही."

"माझे वडील काय डोंगर फोडत होते?" मी म्हटलं.

माझे वडील घरं रंगवायचे. मी शाळेत असताना ते परांचीवरून पडले आणि त्यांचं कमरेखालचं सगळं गेलं. त्यांचा मरणाचा विमा होता. पण ते मेले नाहीत. हे वाक्य मी आईच्या तोंडून ऐकलंय. ती रागाने नव्हती म्हणाली. शिलाईच्या मशीनवर वाकून, दोरा दातांनी तोडता तोडता, एखादा हिशेब जुळत नाही म्हणून सांगावं तसं म्हणाली. पलीकडच्या खोलीत वडिलांनी ते ऐकलं. पुढे मामा-मामी सामान घेऊन यायचे तेव्हा वडील भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचे, आणि मामी पिशवीतली एकेक वस्तू मोठ्याने नाव घेऊन टेबलावर मांडायची. साखर. तेल. साबण. साबणाच्या नव्या वडीचा वास आला की मला अजून मामीचा आवाज ऐकू येतो. म्हणून विम्याच्या बाबतीत मी हट्टाला पेटले. हप्ता माझ्या पगारातून जायचा. ह्यांनी "तुझ्या समाधानासाठी" म्हणून सही केली आणि विसरून गेले.

मग ह्यांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला सांगितलं नाही, हे सांगायलाच नको. मला कळलं ते एका कानामुळे. एक निवृत्त मास्तर, ह्यांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, खुर्चीत बसून काहीतरी रंगवून सांगत होते आणि ह्यांच्या कात्रीत त्यांच्या कानाची पाळी आली. चूक कुणाकडूनही होते. पण ह्यांना ती कळलीच नाही. मास्तर ओरडले तरी कात्री चालूच होती, कारण कात्रीत केस आहेत की कान, हे बोटांपर्यंत पोचतच नव्हतं. ह्यांनी मास्तरांचा कान रुमालाने दाबून धरला, त्यांना डॉक्टरकडे नेलं, परत येऊन दुकान झाडलं आणि शटर ओढलं. घरी येऊन मला म्हणाले, "आज जरा लवकरच आलो."

मानेचे मणके होते. जन्मभर मान वाकवून दुसऱ्यांच्या माना बघितल्या, त्याचं हे बक्षीस. ऑपरेशन झालं, मान वाचली. उजव्या हाताची हालचालही बऱ्यापैकी राहिली, पण स्पर्श गेला. चहाचा कप उजव्या हातात असला तर कप आहे हे बघून कळतं, गरम आहे हे वाफ बघून. मान जरा वेळ वाकवली की खांद्यापासून कळा सुरू होतात. अशा हातात कुणाच्या डोक्याजवळ कात्री द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुकान दुसऱ्याला गेलं, एक कात्री तेवढी घरी आली. तिथे आता मोबाईल दुरुस्त करतात.

पण विम्याची रक्कम सुरू झाली. पहिल्यांदा आली त्या दिवशी मी कारखान्यातल्या कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले. आनंदाने नाही. मामी आता माझ्या घरात कधीच येणार नाही, म्हणून रडले. त्या रकमेत घरभाडं भागत होतं, ह्यांची औषधं भागत होती. उरलेलं भरून काढायला मी जादा पाळी धरली, ब्लीचच्या पाण्यातल्या कपड्यांची. ओढाताण होती, पण घर आमचं आम्ही चालवत होतो. कुणी येऊन टेबलावर साबण मांडत नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. रस्त्याने चालताना, बसमध्ये, हे माझा हात धरतात. तरुणपणापासूनची खोड. नेहमी उजव्या हाताने, मी नेहमी ह्यांच्या उजवीकडे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा ह्यांनी सवयीने हात पुढे केला. मी म्हटलं, "अहो, त्या हाताला काय कळणार आता?"

"बाकी काही कळत नाही," हे म्हणाले. "तुझा हात तेवढा कळतो."

असं होऊ शकतं का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. मला विचारायचं नव्हतं. दिवसभर मर मर मरून घरी जाताना ते एवढं एक वाक्य मला पुरत होतं.

विमा कंपनीचं माणूस वर्षातून एकदा घरी येऊन बघून जातं. गेल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ आले, दोन प्रश्न विचारून, चहा पिऊन गेले. यंदा एक बाई आल्या. वयाने तिशीतल्या, हातात जड पिशवी, जिना चढून धाप लागलेली. आमचं घर त्यांचं त्या दिवसातलं पाचवं की सहावं असावं बहुधा. चेहरा इतका दमलेला, की मीच त्यांना खुर्ची दिली. कपाळावरचे केस त्यांनी घरीच कापले असावेत, एका भुवईवर आखूड आणि दुसरीवर लांब. माझ्या ते लक्षात आलं, म्हणजे ह्यांच्या तर दारातच आलं असणार.

"कसं वाटतंय आता?" बाईंनी विचारलं.

"एकदम झकास!"

मी स्वयंपाकघरातून भांडं आपटलं. हे जरा सावरले. "म्हणजे, हाताचं तसंच आहे. पण बाकी मजेत."

मी चहा करत होते आणि कान बाहेर लावून बसले होते. आधी बाई प्रश्न विचारत होत्या आणि हे उत्तरं देत होते. मग हळूहळू उलटं झालं. बाई सांगायला लागल्या आणि हे "हं" म्हणायला लागले. बाईंची आई आजारी होती, नोकरीत नवा साहेब खडूस होता, आरशात बघायलाही वेळ मिळत नव्हता. मी गॅस बारीक केला. हे "हं" माझ्या ओळखीचं होतं. किती दिवसांनी ऐकत होते मी.

आणि मग कात्रीचा आवाज आला.

खरं सांगते, क्षणभर मला बरंच वाटलं. घरात जुनं कुणी परत आल्यासारखं. दुसऱ्या क्षणी ह्यांचा तो हात आठवला. मी बाहेर धावले. बाई खिडकीजवळच्या खुर्चीत, खांद्यावर आमचा टॉवेल, डोळे मिटलेले. हे त्यांच्यासमोर मान वाकवून उभे, डाव्या हातात कंगवा, उजव्यात कात्री, आणि नजर कात्रीच्या टोकावर अशी रोखलेली, की पापणी हलत नव्हती. बोटांना कळत नव्हतं ते सगळं डोळ्यांनी करत होते. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी ओरडणार होते, पण ओरडले आणि कात्री हलली तर? मी दाराची चौकट धरून उभी राहिले. बाईंचे डोळे मिटलेले होते, म्हणून त्यांना ह्यांचा चेहरा दिसला नाही. मला एकटीला दिसत होता.

केस मात्र रेषेत आले. बाई आरशात बघून हसल्या, आल्यापासून पहिल्यांदा. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "काका, तुमच्या हातात जादू आहे."

दार लागलं आणि हे भिंत धरून खाली बसले. पुढचे कितीतरी दिवस मान हलवता येत नव्हती, मी भरवलं तेव्हा जेवले. मी तोंडाचा पट्टा सोडला होता. "काय गरज होती? सांगा ना, काय गरज होती?"

"बिचारीचे केस वाकडे होते गं," भिंतीकडे तोंड करून हे म्हणाले.

भिंतीकडे तोंड करून. माझ्या वडिलांसारखं. मी त्या दिवशी कात्री उचलली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. आता उद्या पोस्टमन आला तर त्याचेही कापायला बसतील, म्हटलं. कात्री माझ्याबरोबर कारखान्यात जायला लागली.

महिना संपता संपता कंपनीतून फोन आला. बोलणारा माणूस मऊ आवाजाचा होता. रक्कम तूर्त थांबवली आहे, म्हणाला. घरी पाहणी झाली तेव्हा विमाधारकाने स्वतःच्या व्यवसायाचं काम केलं, उभं राहून, कात्रीने, व्यवस्थित केलं, अशी नोंद आहे. बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मी त्यांचा नंबर मिळवून फोन केला, चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून. पण पलीकडून त्याच रडकुंडीला आल्या. "मावशी, मी जे बघितलं ते लिहिणं मला भाग होतं. माझे केस कापलेले साहेबांना दिसतच होते. कुणी कापले विचारलं, तर काय सांगू?" मी फोन ठेवला.

कंपनीने शेवटची एक संधी दिली. त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणी. नसांची यंत्रावरची तपासणी आधीच झाली होती, पण त्यात थोडं बरं, थोडं वाईट, असं मोघम आलं होतं. आता डॉक्टर हाताने तपासून जे म्हणतील तेच खरं धरणार होते. हात चालतो म्हणाले, की सगळं संपलं. घर सोडायचं, आणि मग कुणाच्या दारात जायचं, ते मला विचार करूनही सुचत नव्हतं. तिसरी पाळी दिवसात मावत नाही.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी ह्यांना समोर बसवलं.

"उद्या तुम्हाला खोटं बोलायचं नाहीय," मी म्हटलं. "खरं बोलायचंय. दुखतं तर दुखतं म्हणायचं. कळत नाही तर कळत नाही म्हणायचं. एवढं जमेल?"

"जमेल की."

"झकास म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"शपथ?"

"अगं, मी काय लहान आहे?" हे म्हणाले. आणि मग टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत, "खरं सांगू का? दुसऱ्यासमोर ते तोंडातून निघतच नाही. निघालं, की मग ते खरंच होईल असं वाटतं."

मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. दमलेल्या माणसाला दोन्ही एकदम येतं.

डॉक्टरांना टक्कल होतं. झालं! खोलीत शिरताच ह्यांचा चेहरा खुलला. "साहेब, तुम्ही माझ्या धंद्याचं नुकसान केलंय," असं ह्यांनी म्हटलं, आणि डॉक्टर मनापासून हसले. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मध्ये बोलायचं नाही, असं मला बाहेरच सांगितलं होतं.

डॉक्टर माणूस चांगला होता. घाई करत नव्हता. मानेला दाबून विचारलं, "इथे दुखतं?" हे म्हणाले, "थोडंसं. चालायचंच." मी डोळे वटारले, पण ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मग डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि बोटांवर टाचणी टेकवत गेले. टेकवली की विचारायचे, "कळतंय?" आणि हे म्हणायचे, "हो." प्रश्न आला म्हणजे टाचणी टेकलीच असणार, एवढं तर कुणालाही कळेल.

मग डॉक्टरांनी एक स्टीलचा ट्रे घेतला. त्यात चार-पाच किरकोळ वस्तू होत्या. "डोळे मिटलेलेच ठेवा. मी हातात एकेक वस्तू देईन, चाचपून नाव सांगा."

आधी डावा हात. तो पटापट झाला. मग उजवा. डॉक्टरांनी ट्रेमधून किल्ली उचलली आणि ह्यांच्या तळव्यावर ठेवली. ह्यांची बोटं तिच्यावर फिरली.

"किल्ली."

कळतंय? ह्यांना कळतंय?

"नाणं," हे म्हणाले. बरोबर होतं. "खोडरबर." तेही बरोबर. "पेन्सिल." डॉक्टर मान डोलवत होते. आणि ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते जुनं हसू पसरत होतं, गिऱ्हाईक आरसा बघून खूश झाल्यावरचं.

मग मी ह्यांच्या मानेकडे बघितलं. ती किंचित कलली होती, उजवा कान ट्रेच्या बाजूला. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रेमध्ये काय काय आहे ते डाव्या हाताने आधीच कळलं होतं, आणि किल्ली उचलताना खुळखुळते. नाणं स्टीलवर घासलं की वाजतं. पेन्सिल घरंगळते. आणि ज्याचा काहीच आवाज होत नाही, ते खोडरबर. तीस वर्षं लोकांच्या पाठीमागे उभं राहून ह्या माणसाने दुसरं केलं काय, ऐकण्याशिवाय? हे कानांनी परीक्षा देत होते. आणि पहिल्या नंबराने पास होत होते.

"बरंच चांगलं आहे की," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला वळले.

मी तिथे बसून होते. माझा नवरा हसत हसत आमच्या डोक्यावरचं छप्पर काढून देत होता, आणि त्याला अडवायचं तर त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणायला हवं होतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. पण तसं म्हणाले असते, तर ह्यांनी हसण्यावारी नेलं असतं. "बायको काळजी करते हो, साहेब." डॉक्टरही हसले असते.

मी उठले. "डॉक्टरसाहेब, एक वस्तू मी दिली तर चालेल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "द्या."

"घे गं, तूही घे परीक्षा," डोळे मिटून, हात पुढे करून हे म्हणाले. अजून हसतच.

मी पर्सची चेन उघडली. रुमाल बाहेर काढला. रुमालातून कात्री काढली, जराही वाजू न देता. उस्तादांनी दिलेली कात्री होती ती. तिच्या अंगठ्याच्या कडीचं पाणी ह्यांच्या अंगठ्याने उतरलं होतं, ती ह्यांच्या हातात जन्मभर होती, माझ्या हातापेक्षा जास्त. मी ती ह्यांच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं तिच्यावर मिटवली.

ह्यांनी मान कलती केली. ऐकायला काहीच नव्हतं. बोटं कात्रीवरून फिरली, पात्यावरून, कडीतून आत-बाहेर. कपाळावर आठी आली. ती मग हळूच गेली. विचार केला ह्यांनी. चेनचा आवाज ऐकला होता. बायकोच्या पर्समध्ये काय असतं?

"तुझा चष्मा," हे म्हणाले. आणि जिंकल्यासारखे हसले.

डॉक्टरांनी कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ह्यांचं हसू तसंच शाबासकीची वाट बघत राहिलं. मग ह्यांनी डोळे उघडले.

मी ह्यांना ऑपरेशननंतर बघितलंय, मास्तरांच्या कानानंतर बघितलंय. पण त्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. मी खाली, ह्यांच्या चपलांकडे बघत राहिले. हे मी केलं होतं. आणि पुन्हा वेळ आली, तर पुन्हा करीन. हे दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मला घेऊन जगायचंय.

डॉक्टर उठले. ट्रेमध्ये त्यांनी टॉवेल घातला, वस्तू त्यावर ठेवल्या. "पुन्हा एकदा करू," ते हळू आवाजात म्हणाले. ह्यांनी डोळे मिटले.

"हे काय आहे?"

"कळत नाही."

"हे?"

"हेही नाही कळत." मग, विचारलं नसताना, "दुखतं पण, साहेब. रोज दुखतं. झोप येत नाही."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं. रक्कम पुन्हा सुरू होईल, थांबलेलीही मिळेल, असं त्यांनी स्वतः आम्हाला सांगितलं. दारापर्यंत सोडायला आले. बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "झालं का काका? कसं आहे?" ह्यांचं तोंड उघडलं. काही निघालं नाही. मान हलवून पुढे चालायला लागले.

जिना उतरून रस्त्यावर आलो. घर वाचलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण अंगात त्राणच नव्हतं. दोन दिवस नुसतं झोपावंसं वाटत होतं. बसथांब्यावर माणसं होती, आपापल्या पिशव्या घेऊन उभी. मला वाटलं, हे आता कितीतरी दिवस बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मी सवयीने ह्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.

ह्यांनी हात पुढे केला नाही. समोरच्या रहदारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या बाजूला ये."

"का?"

"ये तर."

मी ह्यांच्यामागून वळसा घेऊन डावीकडे गेले. ह्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. घट्ट. अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, ब्लीचने चिरलेल्या कातडीवरून, बोटांच्या मुळाशी आलेल्या घट्ट्यांवरून, आणि एका ठिकाणी थांबला. मग पुन्हा पहिल्यापासून फिरला, सावकाश.

"अगं," हे माझ्याकडे वळून म्हणाले, "केवढा खरखरीत झालाय हात. कधीपासून?"

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं.